टोपीखालचा ‘स’



एका अध्यापकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्यासपीठावरून आज मी व्याकरणावर बोलणार आहे. तेही परक्या भाषेच्या व्याकरणावर, त्यातल्या क्रियापदावर, आणि त्या क्रियापदाच्याही अशा एका रूपावर, की जे आज खुद्द पॅरिसमध्ये भाजी घेताना, भांडताना, प्रेम करताना कुणाच्याही तोंडी येत नाही. असा विषय का घ्यावा? भाषेतलं एखादं रूप मावळलं की आपण त्याची कारणं फार झटपट सांगून मोकळे होतो, म्हणून. लोक आळशी झाले, रूप अवघड होतं, कानाला विचित्र लागत होतं, अशी ती ठरलेली कारणं. फ्रेंचमधल्या भूतकाळी सब्जंक्टिव्हची गोष्ट नीट तपासली, तर यातलं एकही कारण पुरं पडत नाही. त्या रूपाच्या हातचं काम गेलं आणि मग ते रूप गेलं, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी आज आपल्यापुढे पुराव्यानिशी मांडणार आहे.

सब्जंक्टिव्ह म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे ‘अर्थ’ आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘तो येतो’ ही झाली घडणारी गोष्ट. ‘त्याने यावं’ ही मनातली गोष्ट; इच्छा, अपेक्षा, कर्तव्य, शंका यांच्या प्रदेशातली. फ्रेंच सब्जंक्टिव्ह साधारण याच प्रदेशात राहतो. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ याला फ्रेंच माणूस म्हणेल, ‘झ वॉ किल वियेन’. यातलं ‘वियेन’ हे वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह. आता हेच वाक्य भूतकाळात न्या. मराठीत काय होतं? ‘त्याने यावं असं मला वाटत होतं.’ ‘वाटतं’चं ‘वाटत होतं’ झालं; ‘यावं’ जागचं हललं नाही. उद्या ‘वाटेल’ म्हणा, परवा ‘वाटलं असतं’ म्हणा, ‘यावं’ ते ‘यावं’च. जुन्या, काटेकोर फ्रेंचमध्ये मात्र मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागच्या क्रियापदानेही त्याच्या पाठोपाठ भूतकाळात जायचं, असा दंडक होता. ‘झ वुले किल वँ.’ ‘वियेन’ गेलं, त्या जागी ‘वँ’ आलं. हे ‘वँ’ म्हणजे आजच्या व्याख्यानाचा विषय. आणि आजचा फ्रेंच माणूस काय म्हणतो? ‘झ वुले किल वियेन.’ म्हणजे थेट आपल्यासारखं! मुख्य क्रियापदाने काळ सांगितला, आता दुसऱ्याने तो पुन्हा कशाला सांगायचा? हा मुद्दा मनात ठेवा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आधी हे रूप बनतं कसं ते पाहू, कारण माझा पहिला पुरावा तिथेच आहे. फ्रेंचमध्ये कथा-इतिहास लिहिण्याचा एक भूतकाळ आहे, त्याला ‘पासे सँप्ल’ म्हणतात. त्या काळातलं ‘तू’चं रूप घ्यायचं. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. ‘तू बोललास’ म्हणजे ‘त्यू पार्ला’. लिहिताना या ‘पार्ला’च्या शेवटी एक न उच्चारला जाणारा ‘स’ असतो. त्याला पुढचे प्रत्यय लावत जायचं: मी साठी ‘पार्लास’, आम्ही साठी ‘पार्लासियों’, तुम्ही साठी ‘पार्लासिए’. फक्त ‘तो’ आणि ‘ती’ यांच्या रूपात हा ‘स’ दिसत नाही. तिथे स्वरावर एक टोपी चढते आणि शेवटी मुका ‘त’ येतो; उच्चार नुसता ‘पार्ला’. झालं, नियम संपला. ‘असणे’ या अर्थाचं ‘एत्र’ हे फ्रेंचमधलं सर्वांत बेशिस्त क्रियापद, पण तेही इथे निमूट रांगेत उभं राहतं: फ्यूस, फ्यूसियों, आणि टोपीचं ‘फ्यू’. (ओठ ‘ऊ’ म्हणण्यासाठी गोल करायचे आणि त्याच ओठांनी ‘ई’ म्हणायचं, म्हणजे हा ‘फ्यू’ बरोबर येतो, देवनागरीत तो पुरता लिहिता येत नाही.) ‘आवुआर’ घ्या, ‘वनीर’ घ्या, ‘पुवुआर’ घ्या. ‘तू’चं रूप ठाऊक असेल तर बाकी सगळी रूपं आपोआप हाती येतात. अपवाद जवळजवळ नाहीच.

आता याच्या शेजारी वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह ठेवा, जे आज फ्रेंच मूलही सर्रास वापरतं. तिथे काय दिसतं? ‘असणे’चं ‘सुआ’, ‘जाणे’चं ‘आय’, ‘करणे’चं ‘फास’, ‘शकणे’चं ‘प्युईस’, ‘जाणणे’चं ‘साश’. प्रत्येक नेहमीच्या क्रियापदाची तऱ्हा वेगळी, प्रत्येक रूप वेगळं पाठ करायचं. मग मला सांगा, अवघड म्हणून रूपं टाकून दिली जात असतील, तर फ्रेंच लोकांनी अवघड रूप सांभाळलं आणि सोपं टाकलं, असं उलटं का झालं? आळसाने भाषा झिजते म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर दिलं पाहिजे. मला तर ते मिळालेलं नाही.

दुसरं कारण सांगतात ते कानाचं. ‘पार्लासियों’ ऐकायला कसंसंच वाटतं म्हणे. ‘खून करणे’ या क्रियापदाचं ‘आम्ही’चं रूप तर ‘आसासिनासियों’ असं होतं; ते ऐकून फ्रेंच माणसाला आजही हसू येतं. ‘शकणे’चं ‘मी’चं रूप आहे ‘प्यूस’, आणि ‘प्यूस’ म्हणजे पिसू! आल्फोंस आले या एकोणिसाव्या शतकातल्या विनोदी लेखकाच्या नावावर एक प्रेमविलापाची कविता आहे. प्रियकर बिचारा गंभीरपणे ही रूपं वापरत जातो आणि ऐकणारे हसून लोळतात, एवढीच तिची गंमत. पण इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते आहे असं मला वाटतं. ‘आम्ही करावं’ याचं वर्तमानकाळी रूप ‘फासियों’ आहे. ‘आम्ही जात असू’ अशा अर्थाचं ‘पासियों’ आहे. तोच ‘आसियों’ नाद, तेच अक्षर. ही रूपं फ्रेंच घरात रोज बोलली जातात, आणि कुणी हसत नाही. नाद तोच असताना एकाला हसू येतं आणि दुसऱ्याला येत नाही, याचा अर्थ हसू नादाचं नाही. जे रूप कानाच्या सवयीतून गेलं, ते पुन्हा अचानक ऐकू आलं की हसू येतं. रूप आधी दुर्मीळ झालं, मग हास्यास्पद झालं.

तिसरं कारण या दोन्हींपेक्षा भक्कम आहे आणि त्याला मी आदराने उत्तर देणार आहे. ते असं, की हे रूप ज्या ‘पासे सँप्ल’च्या खोडावर उगवतं, ते खोडच बोलण्यातून वाळलं. बोलताना फ्रेंच माणूस आता ‘पासे कोंपोझे’ वापरतो, म्हणजे साहाय्यक क्रियापद लावून केलेला भूतकाळ. कादंबरीतसुद्धा तो शिरला. काम्यूची ‘लेत्रांझे’ ही 1942 सालची कादंबरी जवळजवळ पूर्ण त्याच काळात लिहिलेली आहे, आणि सार्त्रने कादंबरीवर लगोलग लिहिलेल्या लेखात या निवडीची दखल घेतली, इतकी ती त्या वेळी नजरेत भरली. खोड गेलं की फांदी जाणारच, हे म्हणणं पटण्यासारखं आहे. पण आल्प्स ओलांडून उत्तर इटलीत उतरा. मिलानच्या बोलण्यातूनही तो जुना साधा भूतकाळ असाच हद्दपार झालेला आहे. खोड तिथेही वाळलं. फांदी मात्र हिरवीगार आहे! तिथे भूतकाळी सब्जंक्टिव्ह दुकानात, बसमध्ये, फोनवर रोज चालतो. म्हणजे खोड गेल्याने फांदी दुबळी होते हे खरं, पण तेवढ्याने ती मरत नाही. मग फ्रेंचमध्येच ती का मेली?

याचं उत्तर शोधायला गोव्याकडे पाहू. 1510 पासून 1961 पर्यंत ज्या भाषेत गोव्याचा कारभार चालला ती पोर्तुगीज भाषा फ्रेंचची सख्खी बहीण. दोघींची आई लॅटिन. लॅटिनमध्ये ‘फुइस्सेत’ असं एक रूप होतं. त्याचं पोर्तुगीजमध्ये झालं ‘फोस’, आणि फ्रेंचमध्ये झालं आधी ‘फ्युस्त’ आणि मग टोपीचं ‘फ्यू’. तेच मूळ, तोच अर्थ. ‘मी श्रीमंत असतो तर’ हे पोर्तुगीजमध्ये म्हणायचं तर ‘से एउ फोस रिकु’. यात ‘फोस’शिवाय गत्यंतर नाही. इटालियनलाही इथे तेच रूप लागतं, स्पॅनिशलाही त्याचं भावंड लागतं. आता विचार करा, माणूस दिवसातून किती वेळा ‘असतं तर’, ‘मिळालं तर’, ‘माझ्या हातात असतं तर’ असं म्हणतो? हे दिवसभराचं काम ज्या रूपाकडे आहे ते रूप मरेल कसं? जुन्या फ्रेंचमध्येही हे काम याच रूपाकडे होतं. ‘असतं तर’ या भागातही तेच आणि ‘झालं असतं’ या भागातही तेच. पुढे फ्रेंचने हे काम त्याच्याकडून काढून घेतलं. ‘सी झेते रीश’: मी श्रीमंत असतो तर. इथे ‘झेते’ हा साधा अपूर्ण भूतकाळ आहे, सब्जंक्टिव्ह अजिबात नाही. घरातलं रोजचं काम दुसऱ्याकडे गेलं. उरलं काय? मुख्य क्रियापदाच्या मागोमाग जाऊन भूतकाळ पुन्हा एकदा सांगणं. आणि ते काम, आपण मघाशी ‘यावं’च्या वाक्यात पाहिलं तसं, आधीच झालेलं असतं.

ते काम खरोखरच जादाचं होतं, याचा पुरावा फ्रेंचच्या आतच आहे. ‘फिनीर’ म्हणजे संपवणे. या जातीची शेकडो क्रियापदं आहेत. त्यांचं वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह ‘फिनीस’ आणि भूतकाळी सब्जंक्टिव्हही ‘फिनीस’. सहापैकी पाच रूपं अक्षरशः एक, लिहिण्यातही आणि बोलण्यातही. फरक फक्त ‘तो-ती’च्या रूपात. म्हणजे शतकानुशतकं, सगळे दंडक पाळणारा फ्रेंच लेखकसुद्धा या क्रियापदांपुढे ‘आम्ही संपवावं’ हे वर्तमानाचं की भूतकाळाचं हे रूपावरून सांगू शकत नव्हता. कुणाचं काही अडलं का? कधी कुठला खटला यावरून हरला, कुठला तह मोडला? वाचणारा मुख्य क्रियापदावरून काळ ओळखत होता आणि पुढे जात होता.

सरकारी कागदांत हा प्रवास कसा उमटला तेही थोडक्यात सांगतो. 26 फेब्रुवारी 1901 रोजी शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या आदेशाने परीक्षांमध्ये काही व्याकरणी सवलती मिळाल्या. त्यात मुख्य क्रियापद संकेतार्थी असेल तर मागे वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह चालेल असं ठरलं. 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने, तेव्हा रने आबी मंत्री होते, मुख्य क्रियापद भूतकाळी असलं तरीही ती सूट मिळाली. या आदेशांनी भाषा बिघडवली असं मानणारे लोक फ्रान्समध्ये आहेत. पण तारखा पाहा. बोलणाऱ्यांनी जे केव्हाच केलं होतं, त्याला परीक्षकाने लाल शाई लावू नये, एवढंच या आदेशांनी सांगितलं.

मग आता कुणी विचारेल, आणि ते विचारणं रास्त आहे, की काम गेलेलं, बोलण्यातून उठलेलं रूप पुण्या-मुंबईच्या कॉलेजात फ्रेंच घेणाऱ्या मुलांनी शिकायचंच कशाला? माझं उत्तर असं, की वापरायला शिकू नये, ओळखायला शिकावं. आणि ओळखायला अतिशय मन लावून शिकावं. आपलाच दाखला घ्या. ‘आजी पहाटे उठे, सडा घाली, मग जात्यावर बसे.’ हा रीतिभूतकाळ आज कोण बोलतं? आपण ‘उठायची, घालायची, बसायची’ म्हणतो. पण ‘उठे’ आणि ‘घाली’ ज्या मुलाला ओळखता येत नाही, त्याला मराठीचं निम्मं ग्रंथालय बंद झालं. रासीन, व्होल्तेर, रूसो, फ्लोबेर, प्रूस्त या सगळ्यांच्या पानापानावर हे रूप बसलेलं आहे. आणि गंमत अशी, की ते ओळखण्यासाठी तक्ते पाठ करावे लागत नाहीत. पुस्तकांत सर्वांत जास्त भेटतं ते ‘तो-ती’चं रूप, कारण कथा बहुधा तिसऱ्या माणसाची असते आणि या रूपात तो कानाला खटकणारा ‘स’ही नसतो. टोपी ओळखली की झालं. शिवाय काही ठिकाणी हे रूप आजही अगदी जिवंत आहे. ‘अमुक असलं तरीसुद्धा’ या अर्थाचं ‘फ्यूस’, ‘निदान एवढ्यापुरतं तरी’ या अर्थाचं ‘न फ्यूस क’, ‘असं झालं असतं तर किती बरं’ या अर्थाचं ‘प्ल्यूतो सिएल’. आपल्याकडे ‘देव तुझं भलं करो’ यातलं ‘करो’ जसं आशीर्वादात टिकून राहिलं, तसं.

या टोपीवर क्षणभर थांबावंसं वाटतं. फ्रेंच अक्षरावरची ही टोपी बहुतेक वेळा एका हरवलेल्या ‘स’ची खूण असते. फ्रेंच माणूस दवाखान्याला ‘ओपिताल’ म्हणतो आणि त्यातल्या ‘ओ’वर टोपी घालतो, तिथे पूर्वी ‘स’ होता. तो ‘स’ कुठे गेला? आपल्याकडे आहे. पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘इस्पितळ’ या आपल्या शब्दात तो ठणठणीत उभा आहे. ‘फ्यू’वरच्या टोपीखाली तसाच ‘फ्युस्त’चा ‘स’ पुरलेला आहे, जो पोर्तुगीज ‘फोस’मध्ये अजून ऐकू येतो. फ्रेंच अकादमीने 1740 च्या कोशात असे शेकडो मुके ‘स’ काढून टाकले आणि त्यांच्या जागी स्वरचिन्हं आली. पुढे 6 डिसेंबर 1990 च्या राजपत्रात शुद्धलेखनाच्या सुधारणा आल्या आणि ‘इ’, ‘उ’ या स्वरांवरच्या टोप्या ऐच्छिक ठरल्या. पण सुधारकांनी इथे हात आवरला. भूतकाळी सब्जंक्टिव्हवरची टोपी कायम ठेवली. कारण टोपीविना ‘फ्यू’ म्हणजे ‘तो होता’, आणि टोपीसह ‘फ्यू’ म्हणजे ‘तो असावा’, ‘तो असता’. उच्चार दोन्हींचा एकच. घडलेलं आणि नुसतं मनात असलेलं, यांच्यामधला फरक कागदावरच्या त्या एवढ्याशा टोपीवर तोललेला आहे. ती काढणाऱ्याचा हात थांबला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

शेवटी एक हरकत, जिला मला पुरतं उत्तर देता येत नाही, आणि ते कबूल करणं माझं कर्तव्य आहे. मी म्हणालो की या रूपाचं काम जादाचं होतं. नव्वद टक्के तरी जादाचं होतं असं मी आजही म्हणेन. पण एक जागा अशी आहे की तिथे ते जादाचं नव्हतं. ‘कुणी विचारलं असतं, तरी त्याने होकार दिला असता का, याची मला शंका आहे.’ इथे मुख्य क्रियापद, ‘शंका आहे’, वर्तमानात आहे. तरी जुना फ्रेंच लेखक मागे भूतकाळी सब्जंक्टिव्ह ठेवायचा: ‘झ दूत किल आक्सेप्ता’, टोपीसह. काळ सांगायला नव्हे. काळ तर वर्तमानच आहे. शंका आणि जर-तर या दोन्ही छटा एकाच रूपात धरायला. मराठीत आपल्याकडे ‘असता’ आहे, त्यामुळे आपलं भागतं. फ्रेंचमध्ये ‘आक्सेप्ता’ काढून ‘आक्सेप्त’ ठेवलं की शंका उरते, जर-तर विरून जातं. तो होकार देईल की नाही, एवढीच साधी शंका राहते. व्याकरण इथे दुसरं रूप सहजासहजी देत नाही. म्हणून आजचा सावध फ्रेंच बोलणारा काय करतो? तो वाक्यच बदलतो. ‘आ मों आवी, इल नाक्सेप्तरे पा’, माझ्या मते त्याने होकार दिला नसता, असं म्हणतो. वाक्य शुद्ध आहे, सोपं आहे, समजतं. फक्त बोलणाऱ्याला शंका घ्यायची होती, आणि त्याला मत द्यावं लागलं.